बुलेटिन बोर्डचा संदेशसाठा : फाइलींची रचना आणि प्रोग्रॅमरची जबाबदारी

इंटरनेट घराघरांत पोहोचण्याच्या कितीतरी आधी साध्या दूरध्वनीच्या तारेवरून अनोळखी माणसे एकमेकांना पत्रे लिहीत होती, शंका विचारत होती आणि कडाडून वादही घालत होती. अमेरिकेतील शिकागो शहरात जानेवारी १९७८ मध्ये प्रचंड हिमवृष्टी झाली. त्या काळात वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस या दोन संगणकप्रेमींनी आपल्या क्लबातील सूचनाफलकाचे काम संगणकावर सोपवण्याचे ठरवले. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी सुरू झालेली त्यांची ‘सीबीबीएस’ ही पहिली सार्वजनिक बुलेटिन बोर्ड सेवा मानली जाते. मोडेमद्वारे संगणकाला दूरध्वनी करायचा, आलेले संदेश वाचायचे, आपला संदेश लिहायचा आणि पुढच्या माणसासाठी तार मोकळी करायची, असा तिचा साधा व्यवहार होता.

भारतातही ही पद्धत रुजली होती. बंगळुरू येथे अतुल चिटणीस यांनी चालवलेली ‘सीआयएक्स’ ही अशा प्रारंभीच्या सेवांपैकी एक होय. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले करेपर्यंत मोडेम बाळगणाऱ्या मोजक्या मंडळींना बुलेटिन बोर्ड हाच आधार होता.

या सेवांचा इतिहास सांगताना मोडेमचा वेग, दूरध्वनीचे दर आणि चालकांचा उत्साह यांचा उल्लेख होतो. मात्र संदेश डिस्कवर नेमके कोणत्या स्वरूपात साठवले जात, याकडे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः एखाद्या समूहाला किती बोलता येईल, त्याचे बोलणे किती काळ टिकेल आणि ते कोणत्या भाषेत टिकेल, या तिन्ही गोष्टी त्या रचनेनेच ठरवल्या. या साठवणुकीला ‘मेसेज बेस’ म्हणजेच संदेशसाठा असे म्हणतात.

एक साठा, अनेक प्रोग्रॅम

प्रारंभी प्रत्येक बुलेटिन बोर्ड हे स्वतंत्र बेट होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी १९८४ मध्ये ‘फिडोनेट’ सुरू केले आणि ही बेटे जोडली गेली. रात्री दूरध्वनीचे दर कमी असत. त्या वेळी एका ठिकाणचा संगणक दुसऱ्या ठिकाणच्या संगणकाला आपोआप दूरध्वनी करी आणि पत्रांचे गाठोडे पोहोचवी. १९८६ च्या सुमारास डॅलसच्या जेफ रश यांनी ‘एकोमेल’ची जोड दिली. त्यामुळे एका गावी फलकावर लावलेला संदेश जाळ्यातील सर्व गावांच्या फलकांवर उमटू लागला. १९९० च्या दशकाच्या मध्यास फिडोनेटच्या यादीत ३० हजारांहून अधिक केंद्रे होती.

येथूनच प्रोग्रॅमरची खरी कसोटी सुरू झाली. एकाच केंद्रावर वेगवेगळ्या लेखकांनी लिहिलेले अनेक प्रोग्रॅम काम करीत. वाचकांशी बोलणारा बुलेटिन बोर्डचा प्रोग्रॅम वेगळा, दूरध्वनी लावणारा ‘मेलर’ वेगळा, आलेली गाठोडी सोडून संदेश त्या त्या विभागात टाकणारा ‘टॉसर’ वेगळा आणि केंद्रचालक ज्यातून पत्रे लिही तो संपादक वेगळा. मेलरचा संबंध मुख्यतः गाठोड्यांशी येई; बाकीच्या तिघांना मात्र त्याच फाइली वाचाव्या आणि लिहाव्या लागत. त्यामुळे संदेशसाठ्याची रचना ही कोणा एकाची खासगी बाब राहिली नाही. तो एक जाहीर करारनामा ठरला. त्यातील एक बाइट जरी कोणी चुकीच्या जागी लिहिला, तरी दुसऱ्याच्या प्रोग्रॅमला पत्रे दिसेनाशी होत.

पहिली रीत : एक पत्र, एक फाइल

फिडोची मूळ रचना समजण्यास सर्वांत सोपी होती. प्रत्येक विभागासाठी एक डिरेक्टरी आणि तिच्यात प्रत्येक पत्रासाठी ‘१.एमएसजी’, ‘२.एमएसजी’ अशी क्रमाने एकेक फाइल. फाइलीच्या आरंभी १९० बाइटची शीर्षनोंद असे. पाठवणाऱ्याच्या नावासाठी ३६ बाइट, घेणाऱ्याच्या नावासाठी ३६, विषयासाठी ७२, तारखेसाठी २० आणि उरलेल्या जागेत पत्ते, खर्च, गुणचिन्हे व उत्तरांचे दुवे अशी तिची विभागणी होती. त्यापुढे पत्राचा मजकूर आणि शेवटी शून्य मूल्याचा एक बाइट.

ही रीत नवशिक्या प्रोग्रॅमरला सोयीची होती. पत्र काढून टाकायचे म्हणजे फाइल पुसायची, एवढेच काम. पण तिची किंमत डिस्कला मोजावी लागे. डॉस प्रणालीत १२८ मेगाबाइटपर्यंतच्या विभाजनावर फाइलीला किमान २०४८ बाइटची जागा दिली जाई. समजा, पत्राचा मजकूर ६०० बाइटचा आहे. शीर्षनोंदीसह ते ७९० बाइटचे झाले. उरलेले १२५८ बाइट वाया. अशी १० हजार पत्रे साठली की सुमारे साडेबारा मेगाबाइट जागा नुसतीच अडून राही. ज्या काळात ४० मेगाबाइटची डिस्क चैनीची वस्तू समजली जाई, त्या काळात हा अपव्यय लहान नव्हता. शिवाय हजारो फाइलींच्या डिरेक्टरीत एखादी फाइल शोधताना डॉसला सुरुवातीपासून एकेक नोंद तपासत जावे लागे.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म होता. उत्तरांचे दुवे म्हणजे केवळ फाइलींचे क्रमांक असत. जुनी पत्रे काढून उरलेल्यांना नवे क्रमांक दिले, की ५२ क्रमांकाच्या पत्राचे उत्तर भलत्याच पत्राला जोडले जाई. क्रमांक ही पत्राची जागा आहे, ओळख नव्हे, हा धडा पुढील सर्व रचनाकारांनी येथूनच घेतला.

हडसन : वेग मिळाला, मर्यादाही आली

‘क्विकबीबीएस’ या प्रोग्रॅमचे लेखक अ‍ॅडम हडसन यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेगळा मार्ग धरला. साऱ्या विभागांची सारी पत्रे त्यांनी मोजक्या सामायिक फाइलींत एकत्र ठेवली. एका फाइलीत शीर्षनोंदी, दुसरीत मजकूर, तिसरीत अनुक्रमणिका, चौथीत घेणाऱ्यांची नावे, पाचवीत एकूण पत्रसंख्या आणि सहावीत प्रत्येक वाचकाने कुठवर वाचले याची नोंद. अनुक्रमणिकेतील प्रत्येक नोंद अवघी तीन बाइटची होती : दोन बाइट पत्रक्रमांकाला आणि एक विभागाला. साहजिकच हवे ते पत्र क्षणात सापडू लागले.

मजकुराची फाइल २५६ बाइटच्या खंडांत विभागलेली असे. प्रत्येक खंड ही पास्कल भाषेच्या पद्धतीची अक्षरमाला होती, म्हणजे पहिला बाइट लांबी सांगणारा आणि पुढे जास्तीत जास्त २५५ अक्षरे. पत्राचा मजकूर कितव्या खंडापासून सुरू होतो, हे शीर्षनोंदीत दोन बाइटच्या संख्येने लिहिलेले असे. येथेच घोडे अडले. दोन बाइटमध्ये ६५,५३६ पेक्षा अधिक निरनिराळ्या संख्या मावत नाहीत. त्याला २५६ ने गुणले की १६ मेगाबाइट येतात. साऱ्या केंद्राचे, साऱ्या विभागांचे बोलणे मिळून १६ मेगाबाइट! विभागांची संख्याही २०० वर गोठलेली होती, कारण गणनेच्या फाइलीत तेवढेच रकाने होते. एकोमेलचा ओघ वाढला तेव्हा चालकांना जुनी पत्रे सतत छाटावी लागली. कित्येक चर्चा संग्राह्य नव्हत्या म्हणून नव्हे, तर रकाना दोन बाइटचा होता म्हणून पुसल्या गेल्या.

शिवाय सर्व विभाग एकाच फाइलीत असल्याने धोकाही सामायिक होता. वीज गेल्याने ती एक फाइल बिघडली, तर दोनशेही विभाग एकदम आजारी पडत.

स्क्विश आणि जॅम

‘मॅक्सिमस’ या बुलेटिन बोर्डचे लेखक स्कॉट डडली यांनी ‘स्क्विश’ ही रचना आणली. तिच्यात प्रत्येक विभागाच्या फाइली स्वतंत्र असतात. मुख्य फाइलीत पत्रे चौकटींच्या रूपाने राहतात. प्रत्येक चौकटीच्या आरंभी २८ बाइटची नोंद असते आणि तीत ओळखचिन्ह, मागच्या चौकटीचा ठिकाणा, पुढच्या चौकटीचा ठिकाणा आणि लांबी दिलेली असते. हात धरून उभ्या असलेल्या मुलांची रांग जशी, तशी ही दोन्ही बाजूंनी जोडलेली साखळी. पत्र काढले की त्याची चौकट रिकाम्या चौकटींच्या दुसऱ्या साखळीत जाते आणि पुढे येणाऱ्या पत्राला तीच जागा देता येते. एखादा दुवा तुटला, तरी फाइलीत ओळखचिन्ह शोधत गेल्यास चौकटी पुन्हा हाती लागतात. प्रत्येक पत्राला कायमचा असा एक क्रमांक दिला जातो. पत्राची जागा बदलली तरी तो बदलत नाही.

१९९३ मध्ये जाहीर झालेली ‘जॅम’ ही रचना योआकिम होम्रिगहाउसेन, अँड्र्यू मिल्नर, मॅट्स बर्च आणि मॅट्स वॉलिन या चौघांची. त्यांच्या पहिल्या नावांच्या आद्याक्षरांवरूनच तिचे नाव पडले. तिच्यात प्रत्येक विभागाच्या चार फाइली असतात : शीर्षनोंदी, मजकूर, अनुक्रमणिका आणि वाचनाच्या खुणा. अनुक्रमणिकेतील नोंद ८ बाइटची असते. त्यांपैकी ४ बाइट हे घेणाऱ्याच्या नावावरून काढलेल्या ‘सीआरसी-३२’ या पडताळणी-अंकाचे आणि ४ शीर्षनोंदीच्या ठिकाणाचे. आपल्यासाठी पत्र आले आहे का, हे पाहताना १० हजार पत्रे उघडावी लागत नाहीत. ८० हजार बाइटची छोटी फाइल चाळली की पुरते. अर्थात, दोन भिन्न नावांचा पडताळणी-अंक क्वचित एकच येऊ शकतो. म्हणून अंक जुळल्यावर शीर्षनोंदीतील प्रत्यक्ष नाव तपासणे हे प्रोग्रॅमरचे कर्तव्य ठरते. ते टाळले, तर एकाचे खासगी पत्र दुसऱ्याला दाखवले जाण्याचा धोका असतो.

जॅमचे मोठे वैशिष्ट्य म्हणजे उपरकाने. शीर्षनोंदीचा ठरीव भाग ७६ बाइटचा असून त्यापुढे नाव, विषय, पत्ता अशा बाबी उपरकान्यांत येतात. प्रत्येक उपरकाना आपला प्रकार आणि आपली लांबी स्वतः सांगतो. अनोळखी प्रकार आढळला, तर वाचणाऱ्या प्रोग्रॅमने तेवढे बाइट ओलांडून पुढे जायचे. भविष्यात काय हवे असेल हे आज ठाऊक नाही, याची प्रांजळ कबुलीच या रचनेत आहे.

रॉब स्विंडेल यांच्या ‘सिंक्रोनेट’ची रचनाही याच परंपरेतील. तिच्यात मजकुराचा कोणता खंड किती पत्रे वापरीत आहेत याची गणना वेगळ्या फाइलीत ठेवली जाते. त्यामुळे एकच मजकूर अनेक पत्रांना सामायिकपणे वापरता येतो. सिंक्रोनेटचा विकास आजही सुरू आहे.

जुनी फाइल वाचताना

जुन्या डिस्कवर सापडलेला संदेशसाठा आज उघडू पाहणाऱ्या प्रोग्रॅमरने काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे.

पहिले पथ्य बाइटच्या क्रमाचे. या रचना इंटेलच्या पद्धतीने, म्हणजे संख्येचा लहान भाग आधी लिहितात. २५८ ही संख्या २ आणि १ अशा दोन बाइटमध्ये येते. उलट क्रमाने वाचली, तर ती ५१३ भासते.

दुसरे पथ्य नोंदीच्या आकाराचे. हडसनची शीर्षनोंद १८७ बाइटची आहे. सी भाषेचा कंपायलर सम आकार राखण्यासाठी तिला गुपचूप १८८ बाइटची करतो. पहिले पत्र बिनचूक दिसते, दुसरे एका बाइटने सरकते आणि शंभरावे ९९ बाइटने. म्हणून कंपायलरला तशी भर न घालण्याची स्पष्ट आज्ञा द्यावी, किंवा त्याहून बरे म्हणजे प्रत्येक रकाना त्याच्या ठिकाणावरून स्वतंत्रपणे वाचावा.

तिसरे पथ्य तारखेचे. मूळ फिडो आणि हडसन या दोन्ही रचनांत वर्ष दोनच अंकी आहे. ‘८६’ म्हणजे १९८६ हे उघड आहे. परंतु ‘०३’ म्हणजे २००३, हे प्रोग्रॅमला सांगावे लागते. स्क्विशने डॉसची पद्धत घेतली. तिची वर्षगणना १९८० पासून सुरू होते आणि २१०७ पर्यंत पुरते. जॅम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते. तिची संख्या चिन्हरहित आहे, हे विसरून कोणी चिन्हांकित संख्या म्हणून वाचली, तर १९ जानेवारी २०३८ नंतरच्या तारखा मागे जाऊन पडतील.

चौथे पथ्य लिहिण्याच्या क्रमाचे. साठ्यात नवे पत्र घालताना आधी कुलूप लावावे, म्हणजे दोन प्रोग्रॅम एकाच वेळी लिहिणार नाहीत. जॅममध्ये त्यासाठी शीर्षनोंदींच्या फाइलीचा पहिला बाइट राखून ठेवला जातो. मग मजकूर, त्यानंतर शीर्षनोंद आणि सर्वांत शेवटी अनुक्रमणिका लिहावी. मध्येच वीज गेली, तर फार तर थोडा मजकूर बेवारस पडून राहील. पण अनुक्रमणिका कधीही नसलेल्या पत्राकडे बोट दाखवणार नाही.

पाचवे पथ्य ओळखीचे. एकच पत्र दोन वाटांनी येऊन दोनदा लागू नये म्हणून फिडोनेटने ‘एमएसजीआयडी’ ही नियंत्रण ओळ ठरवली. तीत मूळ केंद्राचा पत्ता आणि आठ अंकी षोडशमान क्रमांक असतो. तीन वर्षांत तो क्रमांक पुन्हा वापरू नये, असा नियम आहे. अशा ओळी १ मूल्याच्या अदृश्य बाइटने सुरू होतात आणि वाचकाला दाखवल्या जात नाहीत. जतन करताना मात्र त्या काढून टाकू नयेत. कोणते पत्र कोणाचे उत्तर होते, याचा विश्वासार्ह पुरावा त्यांच्यातच असतो.

एका बाइटने गिळलेले अक्षर

सर्वांत शिकवण देणारी कथा १४१ या मूल्याच्या बाइटची आहे. ओळ संपल्याची खूण म्हणजे १३ मूल्याचा बाइट. वर्डस्टारसारखे जुने शब्दसंस्कारक स्वतः मोडलेली ओळ दाखवण्यासाठी त्यात १२८ मिळवून १४१ लिहीत. फिडोनेटच्या मूळ मानकाने या बाइटला ‘मृदू’ ओळसमाप्ती म्हटले आणि ती दुर्लक्षित करावी, अशी सूचना केली. इंग्रजीला याचा उपद्रव नव्हता, कारण इंग्रजी मुळाक्षरांचे मूल्य १२८ च्या वर जातच नाही.

रशियात फिडोनेट पसरले तेव्हा तेथे प्रचलित असलेल्या अक्षरसंहितेत नेमक्या १४१ या मूल्यावर ‘न’ या उच्चाराचे मोठे अक्षर होते. मानकाशी प्रामाणिक असलेले प्रोग्रॅम ते अक्षर मुकाट्याने गाळू लागले. रशियन लिपीतील हे अक्षर दिसायला रोमन लिपीतील ‘एच’सारखेच असते. तेव्हा लोकांनी उपाय शोधला आणि त्याऐवजी रोमन अक्षर लिहिण्याची सवय लावून घेतली. डोळ्यांना फरक कळेना. पण त्या पत्रांत आज एखादा रशियन शब्द शोधायचा, तर शोधणाऱ्या प्रोग्रॅमला तो सापडत नाही.

मराठीलाही या नियमाची झळ लागू शकते. युनिकोडमधील देवनागरी आज बहुतेक ठिकाणी ‘यूटीएफ-८’ पद्धतीने साठवली जाते. तीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. जोडाक्षर घडवणाऱ्या हलन्ताचे तीन बाइट अनुक्रमे २२४, १६५ आणि १४१ असे आहेत. म्हणजे मूळ मानकाबरहुकूम चालणारा प्रोग्रॅम मराठी मजकुरातील प्रत्येक हलन्ताचा तिसरा बाइट गाळील. उरलेले दोन बाइट निरर्थक ठरतील आणि ‘प्रश्न’, ‘उत्तर’, ‘महाराष्ट्र’ असे शब्द जोडाक्षराच्या ठिकाणी फुटतील. जागेचा प्रश्न वेगळाच. जुन्या शीर्षनोंदीत नावासाठी ३६ बाइट असून शेवटचा बाइट शून्याला राखलेला असतो. उरलेल्या ३५ बाइटमध्ये काने, मात्रा आणि हलन्त धरून देवनागरीची ११ चिन्हेच मावतात. तेवढ्यात पुष्कळ मराठी माणसांचे नाव आणि आडनाव मिळून पूर्ण होत नाही.

यावर मार्ग आहे. संदेशाची अक्षरसंहिता कोणती, हे सांगणारी ‘सीएचआरएस’ ही नियंत्रण ओळ फिडोनेटमध्ये उपलब्ध आहे. प्रोग्रॅमने आधी ती पाहावी आणि ‘यूटीएफ-८’चा उल्लेख असेल, तर १४१ ला हात लावू नये. नावांसाठी जॅमसारख्या लांबी सांगणाऱ्या उपरकान्यांचा उपयोग करावा. जुना साठा नव्या रूपात आणताना मूळ फाइलींची प्रत तशीच जपून ठेवावी, म्हणजे रूपांतरात झालेली चूक नंतर दुरुस्त करता येते.

दोन बाइटचा रकाना, दोन अंकी वर्ष आणि दुर्लक्षित करायचा एक बाइट, हे तिन्ही निर्णय त्या त्या वेळी समंजसपणेच घेतलेले होते. डिस्क लहान होत्या, मोडेम संथ होते आणि उद्या या फलकांवर कोण लिहील, याची कल्पना कोणालाच नव्हती. मात्र फाइलीची रचना ठरवणारा माणूस आपल्यामागून येणाऱ्या, आपली भाषा न बोलणाऱ्या माणसांसाठीही निर्णय घेत असतो. आज स्वतःची संदेशप्रणाली लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरने पहिल्या चाचणीसाठी जोडाक्षरांनी भरलेले एखादे मराठी वाक्य घ्यावे, ते साठ्यात लिहावे, पुन्हा वाचावे आणि प्रत्येक बाइट जसाच्या तसा परत आला की नाही हे तपासावे. या चाचणीस काही मिनिटेच लागतात.